किडन्या गेल्यावर सुरू झालेली हमी

आमच्या दाजींचं डायलिसिस सरकारी योजनेतून कसं सुरू झालं, हे पाहुण्यारावळ्यांत आणि शाळेतल्या सहकाऱ्यांत बरेच जण विचारतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एकदाच नीट लिहावं म्हटलं. ज्यांच्या घरात आत्ता हीच वेळ आली आहे, त्यांना कागदपत्रांचा भाग उपयोगी पडेल. आणि आरोग्याची हमी हा फक्त निवडणुकीच्या भाषणातला विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं अशी विनंती.

दाजी ट्रॅक्टर ड्रायव्हर. मराठवाड्यातल्या आमच्या भागात नांगरटीच्या दिवसांत ड्रायव्हरला दिवस-रात्र नसते. कंबर दुखायची, की मेडिकलमधून दुखण्याची गोळी. डोकं दुखायचं, की परत तीच गोळी. डोकं बीपीमुळे दुखतंय हे कुणी सांगितलं नाही, कारण त्यांचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं. २०२४ च्या पावसाळ्यात आधी पायांवर सूज आली, मग तोंडावर. जेवण जाईना. एका रात्री ताईचा फोन आला, "अरे, ह्यांना आडवं पडवत नाही, दम लागतोय."

तालुक्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, ११.४, हिमोग्लोबिन ६, बीपी २१० वर १२०. ते म्हणाले, "गुरुजी, दोन्ही किडन्या काम करेनाशा झाल्यात. डायलिसिस लागेल, आणि आजच लागेल. जिल्ह्याला हलवा."

जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या खासगी रुग्णालयात गेलो, त्याच्या दाराशीच राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मोठा फलक होता. फलक बघून ताईच्या जिवात जीव आला. काउंटरवर मात्र सांगितलं गेलं की योजना आहे, पण ती हाडांच्या आणि पोटाच्या ऑपरेशनला, किडनीला नाही. डायलिसिस करायचं तर चाळीस हजार डिपॉझिट भरा, मग दाखल करू. हे नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले अडकतात. रुग्णालय योजनेत येतं म्हणजे सगळ्या आजारांसाठी येतं असं नाही. विभागवार मान्यता असते. त्यामुळे "तुमच्याकडे योजना आहे का?" असं विचारू नका. "या आजारासाठी तुमच्याकडे योजना आहे का?" असं विचारा, आणि शक्यतो निघायच्या आधी फोनवर विचारा. योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आहे. आम्ही ती लावली ती त्या काउंटरसमोर उभं राहून, रात्री, दाजींना व्हीलचेअरवर धाप लागलेली असताना.

तिथून १०८ ने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. कॅज्युअल्टीत एका खाटेवर दोन पेशंट, खाली सतरंजीवर नातेवाईक, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला बांधलेल्या. तरी निवासी डॉक्टर पोरीने रिपोर्ट बघितले आणि पुढच्या तासाभरात दाजींच्या मानेत नळी घालून डायलिसिस सुरू झालं. केसपेपर काढला, एवढंच. पैसे कुठून आणणार, असं कुणी विचारलं नाही. सरकारी दवाखान्याला शिव्या घालणाऱ्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्या रात्री आमच्यासाठी शहरात दुसरं दार उघडं नव्हतं.

सकाळी आरोग्यमित्र भेटले. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात यांचा एक टेबल असतो. आधार आणि रेशनकार्ड दाखवायचं, ते नोंदणी करतात, पेशंटचा फोटो घेतात, रुग्णालय रिपोर्ट अपलोड करतं, मग वरून मंजुरी येते. वॉर्डात दिवसभर कानावर पडतं ते एकच वाक्य, "प्रीऑथ आलं का?" प्रीऑथ म्हणजे हीच उपचारांची पूर्वमंजुरी. तातडीच्या पेशंटसाठी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून देता येतात. आमचे उपचार असे थांबले नाहीत, पण मागाहूनचे ते कागद जुळवताना भाच्याचा जीव मेटाकुटीला आला.

रेशनकार्ड केशरी होतं. रंगाचा प्रश्न आता राहिलेला नाही. पूर्वी पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्यांना योजना लागू होती आणि पांढऱ्या कार्डाला नव्हती, अपवाद शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचा. २०२३ च्या निर्णयानंतर ही अट गेली आणि १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्याच कुटुंबांना पाच लाखांपर्यंतचं संरक्षण लागू झालं. पण दाजींचं कार्ड त्यांच्या वडिलांच्या नावाचं, भाऊ वेगळे होण्याच्या आधीचं. त्यावर दाजींचं घरगुती नाव, आधारवर शाळेतलं नाव. आणि कार्ड ऑनलाइन झालेलंच नव्हतं, म्हणजे त्याला बारा अंकी नंबर नाही. नंबर नाही तर संगणकाच्या लेखी हे कुटुंब नाही.

भाचा तहसीलच्या पुरवठा विभागात जाऊन बसू लागला. कधी सर्व्हर डाऊन, कधी साहेब मीटिंगला. दारातच एक जण म्हणाला, "दोन हजार द्या, संध्याकाळपर्यंत नंबर देतो." भाच्याने दिले नाहीत, याचा मला अभिमान वाटतो. शेवटी नायब तहसीलदारांपर्यंत गेलो, रुग्णालयाचं पत्र समोर ठेवलं, त्यांनी कारकुनाला बोलावून समोर बसवलं आणि नावाची दुरुस्ती करून घेतली. काम म्हणाल तर अर्ध्या तासाचं होतं. हे काम पेशंट धडधाकट असताना करून ठेवा. कार्ड ऑनलाइन आहे का, घरातल्या प्रत्येकाचं नाव आधारप्रमाणे आहे का, वेगळे निघालेल्या भावांनी विभक्त कार्ड काढलंय का, हे आजच बघा.

पण लिहिताना मला राहून राहून वाटतं की हा सल्ला मला द्यावा लागतोय, हेच चुकीचं आहे. धान्य वाटायला काढलेलं कार्ड माणसाच्या उपचाराची किल्ली का असावं? जो ऊसतोडीला सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात असतो, ज्या बाईला सासरच्या कार्डावरून काढलंय आणि माहेरच्या कार्डावर घेतलेलं नाही, तिने काय करायचं? सगळ्यांना योजना लागू झाली हे खरं आहे, आणि ते मोठं पाऊल आहे, यात शंका नाही. पण सगळ्यांना लागू म्हटल्यावर तरी पात्रता सिद्ध करण्याचं ओझं पेशंटच्या डोक्यावरून उतरायला हवं होतं. ते अजून तिथेच आहे.

मंजुरी आल्यावर मात्र योजनेने शब्द पाळला. हातावर फिस्टुलाचं ऑपरेशन झालं, म्हणजे शीर आणि धमनी जोडून देतात, तिथून पुढे कायम सुई टोचता येते. त्याचा एक पैसा लागला नाही. घरी सोडताना औषधं मिळाली. फिस्टुला तयार व्हायला काही आठवडे जातात, तोवर मानेतल्या नळीवर भागवायचं. मग आमच्या जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात डायलिसिसची जागा मिळाली. ती मिळेपर्यंत थांबावं लागलं, कारण यंत्रं मोजकी आणि यादी लांब. एक जागा रिकामी होते म्हणजे काय होतं, हे डायलिसिसच्या नातेवाइकांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता आठवड्यातून दोनदा दाजी आणि ताई एसटीने जातात. दाजींना डायलिसिस रुग्ण म्हणून सवलत आहे, ताईला मार्च २०२३ पासून महिलांसाठी सुरू झालेलं अर्धं तिकीट. यंत्राला लावायच्या आधी वजनकाट्यावर उभं करतात आणि उतरल्यावर परत. जेवढं वजन वाढलेलं, तेवढं पाणी अंगात साचलेलं. ताई एका शंभरपानी वहीत दोन्ही आकडे लिहिते. दाजींना दिवसाला जेमतेम पाऊण लीटर पाणी प्यायची मुभा आहे, आमटीचं पाणीसुद्धा त्यातच धरायचं. उन्हाळ्यात ताई त्यांच्यासमोर पाणी पीत नाही, मोरीपाशी जाऊन पिते. यंत्रावर चार तास काढल्यावर दाजी इतके गळून गेलेले असतात की परतीच्या गाडीत कुणी जागा दिली नाही तर ते तिथेच फुटबोर्डाजवळ खाली बसतात. ट्रॅक्टरवर बसणं आता शक्य नाही. घरात येणारा पैसा थांबला, आणि हे नुकसान कुठल्याच योजनेच्या हिशेबात धरलेलं नाही.

डायलिसिस मोफत, पण रक्त वाढायचं इंजेक्शन कधी असतं, कधी नसतं. नसलं की चिठ्ठी मिळते, बाहेरून आणा. बीपीच्या गोळ्या, कॅल्शियम, अधूनमधून रक्ताच्या तपासण्या, हेही कधी आत, कधी बाहेर. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. निर्णय चांगला आहे. मात्र औषधांचं कपाट रिकामं असेल, तर मोफत उपचाराचं रूपांतर बाहेरच्या चिठ्ठीत होतं. ती चिठ्ठी घेऊन ताई मेडिकलसमोर उभी राहते तेव्हा तिच्याकडे कुठलंही कार्ड चालत नाही.

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. माझ्या घरात हा आजार झाला असता तर मला वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल टाकता आलं असतं. मूत्रपिंड प्रत्यारोपण आमच्या नियमांतल्या गंभीर आजारांत धरलेलं आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांना सीजीएचएस ही आरोग्य योजना आहे, कारखान्यातल्या कामगारांना ईएसआयचा विमा. बिलं मंजूर व्हायला वेळ लागतो, त्यावर आम्ही संघटनेत भांडतो. पण भांडता येतं, कारण तो आमचा हक्क आहे, नियमात लिहिलेला. दाजींनी माझ्यापेक्षा जास्त तास काम केलं असेल, माती त्यांनीच उलटवली. त्यांच्या वाट्याला हक्क आला नाही, योजना आली. सरकार बदललं की योजनेचं नाव बदलतं, यादी बदलते, रक्कम बदलते. ही योजना २ जुलै २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचं नाव आलं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि पुढे दोन्ही एकत्र चालू लागल्या. दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर गेली. यातल्या प्रत्येक वाढीचा मला आनंद आहे. तरी उद्या एखादी गोष्ट कमी केली, तर दाजी कुठल्या कायद्याचं कलम दाखवून ती मागणार?

आमच्या स्टाफरूममध्ये यावर वाद होतो. एक सर ठामपणे म्हणतात, फुकट दिलं की लोकांना किंमत राहत नाही, आणि पैसा शेवटी आपल्याच करातून जातो. फुकट आहे म्हणून कुणी हाताला जाड सुया टोचून घेऊन चार तास यंत्राला बांधून पडत नाही, हे मी त्यांना सांगितलं. पैशाचा मुद्दा मात्र खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. ओळखीच्या एका खासगी सर्जनने मला शांतपणे समजावलं की योजनेचे दर कमी आहेत, बिलं उशिरा निघतात, नर्सचे पगार तर महिन्याला द्यावेच लागतात. म्हणून रुग्णालयं परवडणारे विभाग घेतात, न परवडणारे सोडतात. आम्हाला रात्री दारातून परत का जावं लागलं, याचं अर्धं उत्तर मला तिथे मिळालं. राजस्थानने मार्च २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, असा कायदा करणारं ते देशातलं पहिलं राज्य. त्याविरुद्ध खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्यांची एक मुख्य तक्रार हीच होती की तातडीचे उपचार आम्ही फुकट द्यायचे, तर भरपाई कोण आणि कधी देणार. हमी सरकारने द्यायची आणि बिल दुसऱ्याने थकीत ठेवून सोसायचं, असं चालणार नाही. हमीच्या मागे वेळेवर निघणारा पैसा हवा.

तो पैसा किती, हेही देशाने ठरवून ठेवलेलं आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाच्या (जीडीपीच्या) अडीच टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट लिहिलंय. तिथे आपण पोचलो नाही. त्याच धोरणाच्या २०१५ च्या मसुद्यात आरोग्य हा मूलभूत हक्क करण्याचा विचार होता, अंतिम धोरणात तो राहिला नाही. त्याहून मागे जायचं तर देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचारांवाचून राहू नये. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या खटल्यात निकाल दिला. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकापाठोपाठ एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं होतं. तातडीचे उपचार नाकारणं म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे विचार नवा नाही. तो कायद्यात आणि अंदाजपत्रकात उतरवायचा राहिलाय.

पण माझं खरं म्हणणं याच्याही अलीकडचं आहे, आमच्या गावातल्या उपकेंद्राचं. दाजींच्या घरापासून ते चालत जाण्याइतकं जवळ आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर तपासायचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, उपकेंद्राचं आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय, बोर्डही नवा आहे. दाजींचं बीपी तिथे वर्षातून एकदा जरी मोजलं गेलं असतं, आणि अॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीची पट्टी महिन्याच्या महिन्याला हातात पडली असती, तर त्यांच्या किडन्या बहुधा वाचल्या असत्या, निदान बरीच वर्षं टिकल्या असत्या. किडनीच्या डॉक्टरांनीच हे मला सांगितलं. जन औषधी दुकानात या गोळ्यांची पट्टी काही रुपयांना मिळते. आणि एका डायलिसिसला खासगीत दीड-दोन हजार रुपये लागतात, आठवड्यातून दोनदा, माणूस जगेल तोवर.

आपल्या योजनेत भरती झालेल्या पेशंटचा खर्च येतो. ओपीडी येत नाही, रोजच्या गोळ्या येत नाहीत. म्हणजे किडनी शाबूत असेपर्यंत दाजी कुणाच्याच यादीत नव्हते, ती गेली तेव्हा पाच लाखांचे हकदार झाले. धरण फुटल्यावर मदतीचे ट्रक पाठवायचे आणि गळती दिसत असताना सिमेंटचं पोतं द्यायचं नाही, तसं हे झालं. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२ मध्ये तो ३९ टक्क्यांवर आला असं सरकारी आकडेवारी सांगते. उरलेल्यात मोठा भाग औषधांचा आणि ओपीडीचा आहे. गरीब घर मोठ्या ऑपरेशनने बुडतं हे सगळ्यांना दिसतं. दर महिन्याच्या मेडिकलच्या बिलाने ते हळूहळू खचतं, किंवा मग गोळीच बंद करतं.

आणि हे जमत नाही असंही नाही. २०१८ च्या सुमारास सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे सुरुवातीलाच होते. मोजक्या ठरलेल्या गोळ्या, महिनाभराचा साठा गावाजवळ, आणि न आलेल्या पेशंटला फोन, एवढ्यावर तो उभा आहे. थायलंडने २००२ मध्ये सगळ्या नागरिकांना हमी दिली तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता. त्यांनी सुरुवात जवळच्या आरोग्य केंद्रापासून केली, मोठं रुग्णालय पुढची पायरी. डायलिसिस त्यांच्या हमीत २००८ मध्ये आलं, पाया घातल्यानंतर.

म्हणून कायदा व्हावा, आणि त्यात पहिली ओळ उपकेंद्रातल्या औषधांची असावी. कोणती औषधं कायम मिळतील, न मिळाली तर किती दिवसांत आणि कुणी द्यायची, हे त्यात लिहिलेलं असावं. दाखल होताना कार्ड मागितलं जाऊ नये, ओळख नंतर पटवावी. रुग्णालयांची बिलं ठरल्या मुदतीत निघावीत. पाच लाखांचा आकडा त्यानंतर यावा.

ताई आता किडनी द्यायला तयार आहे. तिच्या तपासण्या चालू आहेत. प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ च्या निर्णयात अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर गेलीय, त्याचा आधार होईल. त्यानंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्यांसाठी आम्ही भावंडं मिळून दरमहा किती काढू शकतो, याचा हिशेब मांडायला घेतलाय.

गावात मी ग्रामसभेत एक विषय ठेवला. उपकेंद्राच्या दारावर बीपी आणि साखरेच्या गोळ्यांचा साठा दर सोमवारी लिहावा, आणि तीस वर्षांपुढच्या सगळ्यांची तपासणी वाडीवस्तीप्रमाणे तारखा लावून व्हावी. ठराव मंजूर झाला. समुदाय आरोग्य अधिकारी मॅडमनी साठा लिहायला सुरुवातही केली, आणि दोन गोळ्या कमी येतात हे त्यांनीच फळ्यावर मांडलं. त्या फळ्याचा फोटो आणि ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे दिली आहे. पहिल्या तपासणीत भाच्याचं बीपी १५० वर ९६ निघालं. वय एकतीस. त्याची गोळी सुरू झाली आहे, आणि ती उपकेंद्रातूनच मिळते.